इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची दुरुस्ती पुण्यात करताना

तपकीर गल्लीतल्या दुकानात जाऊन "क्वाडच्या इलेक्ट्रोस्टॅटिकचं पॅनेल मिळेल का?" असं विचारलं की मान नकारार्थी हलते आणि विषय तिथंच संपतो. त्याच काउंटरवर "काका, दहा नॅनोफॅरडचे, दोन केव्हीचे डिस्क कपॅसिटर आहेत का?" असं विचारलं (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट), तर काका मागच्या खोक्यात हात घालतात, मूठभर कपॅसिटर काचेवर ओततात आणि "किती देऊ?" एवढंच म्हणतात. स्पीकर तोच आणि बिघाडही तोच असतो. या दुरुस्तीत नवीन माणसाने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच आहे. कंपनीचा पार्ट नंबर बाजूला ठेवायचा आणि त्या भागाचं काम काय, त्याला किती व्होल्ट सोसायचे आहेत, तो कशाचा बनलाय, हे स्वतःला विचारायचं. ही उत्तरं हातात असली की निम्म्याहून अधिक सामान पुण्यातच मिळतं.

एवढा खटाटोप करावा असे हे स्पीकर आहेत का? माझं उत्तर ठाम होकारार्थी आहे. क्वाड हे इंग्लंडमधलं नाव. तिथल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांनी घडवलेला पहिला क्वाड ईएसएल (ईएसएल म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर) १९५७ साली विक्रीला आला आणि १९८५ पर्यंत बनत राहिला. त्याच्या नीट चालणाऱ्या जोडीवर तंबोऱ्याची जवारी किंवा ख्यालगायकीतला मध्य सप्तक ज्याने ऐकला आहे, त्याला अशी जोडी चादर टाकून माळ्यावर ठेवलेली पाहवत नाही. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः क्वाडचे दोन जुने प्रकार, म्हणजे पहिला ईएसएल आणि १९८१ पासूनचा ईएसएल-६३, डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. पण तत्त्व सगळीकडे एकच आहे. मॅग्नेपॅनसारखे सपाट स्पीकर मात्र इलेक्ट्रोस्टॅटिक नव्हेत. त्यांच्या आत चुंबक असतात आणि त्यांना भिंतीतल्या विजेची गरज नसते. तुमच्या स्पीकरला मेन्सची वायर किंवा अ‍ॅडॅप्टर नसेल, तर आधी तो नेमका कोणत्या जातीचा आहे याची खात्री करा.

आत काय असतं

भोकं पाडलेल्या दोन ताठ पाट्या समोरासमोर असतात. हे स्टेटर. त्यांच्या बरोबर मधोमध, दोन्हीकडे मिलिमीटर-दोन मिलिमीटर जागा सोडून, पॉलिएस्टरची पातळ फिल्म ताणून बसवलेली असते. हा पडदा. दोन स्टेटर आणि मधला पडदा मिळून एक पॅनेल होतं. मॉडेलप्रमाणे त्याची जाडी साधारण ३ ते १२ मायक्रॉन असते. पडद्यावर वीज जेमतेम वाहील असा लेप असतो आणि त्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर भार ठेवलेला असतो, त्याला बायस म्हणतात. पहिल्या क्वाडमध्ये बेसच्या पॅनेलना ६ केव्ही आणि ट्रेबलला १.५ केव्ही बायस आहे, ईएसएल-६३ मध्ये ५.२५ केव्ही. अ‍ॅम्प्लिफायरकडून आलेला सिग्नल ट्रान्स्फॉर्मरने हजारो व्होल्टपर्यंत चढवून दोन्ही स्टेटरना उलटसुलट दिला जातो. एक पाटी पडद्याला ढकलते, दुसरी ओढते.

लेप मुद्दामच कमी वाहक ठेवलेला असतो. पडद्यावरचा भार सिग्नलबरोबर इकडेतिकडे पळता कामा नये, नाहीतर आवाज बिघडतो. शिवाय एखाद्या जागी ठिणगी पडली तर लेप फार वाहक असल्यास सगळ्या पडद्यावरचा भार त्या एका ठिकाणी धावतो आणि फिल्म जळते. चांदीसारखी चकाकणारी, अ‍ॅल्युमिनियम चढवलेली फिल्म कितीही सहज मिळाली तरी ती इथं चालत नाही, ती याचमुळे.

आधी जीव सांभाळा

हा भाग कृपया घाईने वाचू नका. बायसचा करंट अगदी कमी असतो, त्याचा झटका बसला तर माणूस दचकून हात मागे घेतो आणि कोपर कुठंतरी आपटतं. पण ऑडिओ ट्रान्स्फॉर्मरच्या बाहेर जे हजारो व्होल्ट येतात, त्यांच्यामागे अख्ख्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद असते. ते जीव घेऊ शकतात. घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, यात तुम्हाला वाचवत नाही, कारण ट्रान्स्फॉर्मरच्या दुसऱ्या बाजूचा करंट त्याला दिसतच नाही. रबरी चपलेवरही विसंबू नका.

स्पीकर उघडण्याआधी मेन्सचा प्लग काढा, अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या वायरीही काढा आणि किमान अर्धा तास थांबा. मग डिस्चार्जची काठी वापरा. दोन फुटी पीव्हीसी कॉन्ड्युट पाइप घ्या, त्याच्या आत अर्ध्या वॉटचे १ मेगओहमचे २० रेझिस्टर एकापुढे एक जोडून घाला, एका टोकाला खिळ्यासारखं टोक काढा आणि दुसऱ्या टोकाला मगरक्लिपची लांब वायर जोडा. एकच मोठा रेझिस्टर का नको? साधा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर जेमतेम ३५० व्होल्ट सोसतो. वीस मिळून ७ केव्हीपर्यंत निभावतात. क्लिप चॅसिसला लावून टोक बायसच्या बिंदूवर आणि प्रत्येक स्टेटरवर दहा-दहा सेकंद धरा, आणि त्यानंतर साध्या वायरने पुन्हा शॉर्ट करा. काम करताना एक हात खिशात ठेवायची जुनी सवय फार चांगली आहे. घरात दुसरं कुणी असल्याशिवाय उघड्या स्पीकरला वीज देऊ नका. पेठांमधल्या जुन्या घरांत सॉकेटला अर्थिंग असतंच असं नाही, तेही आधी वायरमनकडून तपासून घ्या.

पहिली पायरी: पेचकस हातात घेण्याआधी

मागे व्होल्टेज काय लिहिलंय ते वाचा. अमेरिकेतून आणलेली जोडी १२० व्होल्टची असते, जपानमधली १००. आपल्याकडे २३० व्होल्ट. काही मॉडेलमध्ये टॅप बदलता येतो, काहींना स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर लागतो. सामानातून आलेला स्पीकर "लावला आणि गेला" असं ऐकलं की मी सर्वात आधी हेच तपासतो.

दुसरं म्हणजे ऋतू. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते आणि याच काळात निरोगी इलेक्ट्रोस्टॅटिकसुद्धा हिस्स करतो किंवा चरचरतो. पडद्यावरचा भार ओल्या धुळीच्या थरातून गळत असतो. अशा वेळी पॅनेल उघडायची घाई करू नका. एसी असेल तर ड्राय मोडवर लावून खोली दोन दिवस कोरडी ठेवा आणि पुन्हा ऐका. आवाज थांबला तर दुखणं धुळीचं आहे. फिल्म बदलायचं काम तर दिवाळीनंतर ते मेअखेरपर्यंतच हाती घ्यावं.

मग धूळ. बायस लावलेलं पॅनेल आजूबाजूची धूळ ओढून घेतं, आणि बाणेर-हिंजवडीकडे बांधकामाच्या धुळीला तोटा नाही. प्लग काढून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून कमी जोराने दोन्ही बाजूंनी फिरवा. धूळ रोखणारा पातळ बाहेरचा पडदा ज्या मॉडेलला असतो, उदाहरणार्थ दोन्ही क्वाड, तिथं ब्रश थेट त्यावर दाबू नका, फाटतो. परदेशातले काही जण पॅनेल पाण्याखाली धुतात. नवशिक्यांनी हे करू नये. आपल्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी अनेकदा जड असतं, सुकल्यावर मागे क्षार राहतात आणि त्या क्षारांतूनच पुढे गळती होते.

मागचं झाकण उघडल्यावर टॉर्च मारून नीट बघा. मुंग्यांची वस्ती, मेलेली चिलटं, पालीची विष्ठा, कोळ्याचं जाळं असलं काही तरी सापडतंच. दोन्ही स्टेटरच्या मधे अडकलेला एक केससुद्धा चरचर करायला पुरेसा असतो.

दुसरी पायरी: नेमकं काय बिघडलंय

सर्वात आधी डावी-उजवी वायर अदलाबदल करा. बिघाड वायरीबरोबर सरकला तर तो अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा आधीच्या यंत्राचा आहे. सरकला नाही तर स्पीकरचा.

एका बाजूचा आवाज बारीक, पण साफ असेल तर संशय बायसवर. चालू केल्यावर तासाभराने हळूहळू आवाज वाढत असेल तर बायस कमजोर आहे किंवा कुठंतरी गळतंय. नेहमी पूर्ण चढायला मिनिट-दोन मिनिटं लागणं यात काही वावगं नाही. आवाज एकसारखा बारीक आणि बायस मात्र पुरेसा भरत असेल, तर लेप गेलाय. टक्-टक् किंवा चरचर येत असेल तर खोलीत पूर्ण अंधार करून, दहा मिनिटं डोळे सरावू देऊन पॅनेलकडे पाहा. निळसर ठिपका लुकलुकताना दिसला तर ती आर्किंगची जागा. ती कागदावर आकृती काढून नोंदवा. जवळ नाक नेऊन वास घ्यायचा मोह टाळा, ओझोनचा वास हातभर अंतरावरूनही कळतो.

ईएसएल-६३ मध्ये बायसच्या बोर्डावर छोटा निऑन दिवा असतो. चार्ज होताना तो भराभर लुकलुकतो आणि भरत आल्यावर संथ होतो. बराच वेळ झाला तरी वेगाने लुकलुकत राहिला, तर पॅनेल गळतंय. मग एकेका पॅनेलची बायस वायर काढून पाहायची. या मॉडेलमध्ये चार पॅनेल असतात. ज्याची वायर काढल्यावर दिवा शांत होतो, तो गुन्हेगार. वायर काढताना आणि लावताना प्रत्येक वेळी डिस्चार्ज करायचा, यात सूट नाही.

साध्या मल्टिमीटरने बायस मोजायला जाऊ नका. मीटरची मर्यादा बहुधा १००० व्होल्टची असते, त्यामुळे तो जळू शकतो. आणि वाचला तरी खोटं सांगतो. मीटरचा आतला रोध १० मेगओहम आणि बायसच्या पुढे समजा १०० मेगओहमचा रेझिस्टर असेल, तर ५ केव्हीच्या जागी त्याला साडेचारशे व्होल्टच दिसतात. ज्यांनी पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त केले अशा जुन्या मेकॅनिककडे ईएचटी प्रोब, म्हणजे हजारो व्होल्ट मोजायची काठी, असतो. तो मागा, बहुतेक जण आनंदाने देतात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही अशा वस्तूंवर नजर ठेवावी.

तिसरी पायरी: बायस सप्लाय

नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. काम सोपं आहे, सामान स्वस्त आहे आणि बऱ्याचदा दुखणं इथंच संपतं.

बायस सप्लाय म्हणजे एक छोटा मेन्स ट्रान्स्फॉर्मर आणि त्यापुढे डायोड-कपॅसिटरची शिडी. प्रत्येक पायरी व्होल्टेज चढवते. हिशोब करून बघू. ट्रान्स्फॉर्मरच्या बाहेर ३०० व्होल्ट एसी असतील तर त्याचं शिखर ३०० गुणिले १.४१, म्हणजे सुमारे ४२४ व्होल्ट. शिडीची प्रत्येक पायरी याच्या दुप्पट, साधारण ८४८ व्होल्टची भर घालते. सहा पायऱ्या झाल्या की ५ केव्ही. आता मेन्स १० टक्के चढला तर एका पायरीवर ९३० च्या वर जातात. १एन ४००७ हा रुपया-दोन रुपयांचा डायोड १००० व्होल्टचा असतो, म्हणजे तो अगदी काठावर आला. म्हणून प्रत्येक जागी दोन-दोन ४००७ एकापुढे एक लावा. कपॅसिटर २ केव्हीचे घ्या, १ केव्हीचे नकोत.

एक डायोड गेला म्हणून तेवढाच बदलून थांबू नका. बाकीच्यांचंही वय तेच आहे. जुन्या क्वाडमध्ये ही शिडी मेणासारख्या पदार्थात बुडवलेली असते, ते वितळवत बसण्यापेक्षा हायलमच्या (वीज न वाहणाऱ्या कडक पाटीच्या) तुकड्यावर नवीन शिडी बांधून तिला पर्यायी जागा द्यावी. ट्रान्स्फॉर्मर सुस्थितीत असेल तर तोच वापरा.

सोल्डरिंगची पद्धत इथं वेगळी आहे. रेडिओत आपण टोक कापून छान अणकुचीदार जोड करतो. इथं टोक म्हणजे वीज हवेत सांडायची जागा. वायरचं टोक वळवून त्यावर सोल्डर गोल, मण्यासारखं बसलं पाहिजे. काम झाल्यावर फ्लक्सचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून पूर्ण धुवा. वरून सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, त्यातल्या आम्लाने तांबं खराब होतं. दुकानात "न्यूट्रल क्युअर" असं मागा.

डायोडची दिशा जुन्याप्रमाणेच ठेवा, मग दोन्ही स्पीकरमधला बायस एकाच चिन्हाचा राहतो. एक धन आणि दुसरा ऋण झाला तर दोघांचे पडदे उलट दिशेला हलतात, गायकाचा आवाज मधोमध न राहता खोलीभर विरघळतो आणि तुम्ही उगाचच पॅनेलला दोष देत बसता.

पुढचा मोठा रेझिस्टर, जो पडद्याकडे जाणारा करंट आवळतो, तो कधीही वगळू नका. १०० मेगओहमचा एक नग मिळाला नाही तर १० मेगओहमचे दहा जोडा. वायरींवर वाइंडिंगवाल्यांकडची वार्निश स्लीव्ह चढवा.

चौथी पायरी: धूळ रोखणारा बाहेरचा पडदा

जुन्या जोड्यांत हा बहुधा फाटलेला, सैल किंवा पिवळा पडलेला असतो. सैल पडला की मोठ्या आवाजात फडफडतो आणि लोकांना वाटतं पॅनेल गेलं. तो बदलणं म्हणजे आतला पडदा बदलण्याची तालीमच. चौकट काढा, जुना गोंद खरवडा, पातळ दुहेरी टेप लावा, फिल्म हलक्या हाताने ताणून चिकटवा आणि हेअर ड्रायर किंवा हीट गन लांबून फिरवा. सुरकुत्या डोळ्यांदेखत जातात. ६ ते १२ मायक्रॉनची फिल्म इथं चालते. ती स्टेटरला टेकता कामा नये.

फिल्म कुठून आणायची? रविवार पेठेत बोहरी आळीच्या परिसरात पॅकिंगचं सामान मिळतं, वाइंडिंग मटेरियलच्या दुकानात मायलर, म्हणजे पॉलिएस्टरचीच फिल्म, मिळतं. पण वाइंडिंगचं मायलर फार जाड असतं, आणि पॅकिंगची पारदर्शक फिल्म बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनची निघते. दोन्ही दिसायला सारख्या. ओळखायची सोपी रीत म्हणजे नखाएवढा तुकडा कापायचा, साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्याच्या पेल्यात बोटाने बुडवायचा, बुडबुडे झटकून सोडायचा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर येतं. पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, ते तळाशी जाऊन बसतं. आपल्याला तळाशी बसणारं हवं. खरी पातळ, ६ मायक्रॉनच्या आसपासची फिल्म कपॅसिटर बनवणाऱ्यांना लागते. भोसरी-चिंचवडकडे ओळख असेल तर त्या धंद्यातल्यांकडे "साधी, मेटलाइझ न केलेली, कपॅसिटर ग्रेड पीईटी" (पीईटी म्हणजे हेच पॉलिएस्टर) असं विचारा. रीळाचा शेवटचा तुकडाही दोन जोड्यांना पुरतो. नाहीतर ऑनलाइन मागवा.

पाचवी पायरी: आतला पडदा बदलणं

हे काम पहिल्याच स्पीकरवर करू नका. दोन जुने स्टेटर किंवा भोकाच्या पत्र्याचे हातभर तुकडे घेऊन एक सरावाचं पॅनेल बनवा. ज्या पॅनेलचे स्टेटर कारखान्यातच वाकवून चिकटवलेले आहेत, जसे मार्टिन लोगनचे, ते उघडून पुन्हा बसवणं हे नवशिक्याचं काम नव्हे. त्यांची पॅनेल बाहेरूनच आणवा. पहिल्या क्वाडच्या पॅनेलचं मात्र आशादायक आहे. त्यासाठी जर्मनीसारख्या देशांतून आजही सुटे भाग बनवून विकले जातात. पण टपाल आणि कस्टमचा विचार केला तर जे इथं जमतं ते इथंच करावं.

उघडण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि समोर-मागे, वर-खाली अशा खुणा टेपवर लिहून चिकटवा. रिव्हेट असतील तर बारीक ड्रिलने काढा, परत बसवताना त्यांच्या जागी नायलॉनचे स्क्रू-नट वापरा. धातूचे नकोत.

जुनी फिल्म काढली की स्टेटर तपासा. काळा पडलेला ठिपका म्हणजे जळून कोळसा झालेलं प्लॅस्टिक, आणि कोळसा वीज वाहतो. तो वरवर पुसून भागत नाही. पांढरं, कोरं प्लॅस्टिक लागेपर्यंत कटरच्या टोकाने खरवडा, खड्डा हळू सुकणाऱ्या अरल्डाइटने भरा, दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपरने सपाट करा. अल्कोहोलने पुसण्याआधी एका कोपऱ्यात करून बघा, स्टेटरवरचा वाहक रंग सुटत असेल तर थांबा. ईएसएल-६३ मध्ये स्टेटरच्या पाट्या प्लॅस्टिकच्या जाळीला चिकटवलेल्या असतात आणि वयोमानाने तो गोंद सोडतो. पाटी फुगते, पडद्याजवळ येते आणि आर्किंग सुरू होतं. अशा वेळी फिल्मच्या आधी पाटी पुन्हा चिकटवणं महत्त्वाचं. जुना गोंद पूर्ण काढा, अरल्डाइट लावा, जाड सपाट काचेवर ठेवून सारखी वजनं ठेवा आणि चोवीस तास हात लावू नका.

आता ताण. सगळ्यात जास्त जीव इथं लावायचा. ताण कमी पडला तर बायस लागताच पडदा एका स्टेटरला जाऊन चिकटतो. जास्त झाला तर बेस हरवतो. यासाठी सायकलच्या ट्यूबची युक्ती मला सर्वांत भरवशाची वाटते. पॅनेलपेक्षा मोठा जाड बोर्ड घ्या, त्याच्या कडा गोल करून घासा. बोर्डाच्या कडेभोवती सायकलची ट्यूब बसवा. फिल्म बोर्डावर पसरा, ट्यूबवरून खाली नेऊन बोर्डाच्या मागे सगळीकडून टेपने पक्की करा. मार्करने मधोमध दोन खुणा बरोबर ५०० मिलिमीटर अंतरावर करा, आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना. मग हातपंपाने ट्यूबमध्ये थोडी थोडी हवा भरा. फिल्म चारी बाजूंनी एकसारखी ओढली जाते. खुणांमधलं अंतर ५०५ ते ५०७ झालं की थांबा, म्हणजे एक ते दीड टक्का ताण. बोटाने टिचकी मारून सूर ऐका आणि दुसऱ्या पॅनेलला तोच सूर येऊ द्या. तबला लावणाऱ्याचा कान असेल तर इथं फार उपयोग होतो.

चौकटीच्या कडेला फेविकॉल एसआर ९९८ सारखा कॉन्टॅक्ट गोंद अगदी पातळ थरात लावा, तो चिकट होऊ द्या आणि चौकट फिल्मवर सरळ टेकवा. एकदा टेकली की सरकवता येत नाही, म्हणून आधी बोर्डावर चौकटीची रेघ मारून ठेवा. वर वजनं, रात्रभर विश्रांती, मग बाहेरची फिल्म कटरने कापा.

लेपासाठी कुलपात घालायची बारीक ग्रॅफाइट पूड घ्या. साबणाचं पाणी, कपड्यांवर मारायचे अँटिस्टॅटिक फवारे असे उपाय सुचवले जातात, पण त्यांची वाहकता हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून असते. आपल्याकडे मे महिन्यात एक आणि जुलैत दुसरंच, असं होतं. कडेला पट्टी मारून कोरी जागा राखा, लेप स्क्रूपर्यंत जाता कामा नये. स्वच्छ कापसाच्या बोळ्यावर चिमूटभर पूड घेऊन गोल गोल चोळा. फिल्म राखाडी दिसायला लागली की नवा बोळा घेऊन पुसायला लागा, आणि पुसतच राहा. शेवटी फिल्म जवळपास पुन्हा पारदर्शक दिसते आणि पांढरा बोळा पांढराच राहतो.

लेपाचा रोध मोजायला वायरमनकडचा मेगर, म्हणजे फार मोठा रोध मोजणारा मीटर, लागतो. १० सेंटीमीटर लांबीच्या दोन सरळ धातूच्या पट्ट्या १० सेंटीमीटर अंतरावर समांतर ठेवा आणि त्यांच्यातला रोध मोजा. १०० मेगओहमच्या वर पाहिजे, हजार-दोन हजार मिळाले तर उत्तम. वीस-पंचवीस मेगओहम दाखवत असेल तर अजून पुसा. पाच-सहा जागी मोजून आकडे एकाच पट्टीतले आहेत ना ते बघा. बायस पोचवायला लेपाच्या कडेने तांब्याची पातळ चिकटपट्टी फिरवा. तिचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा पुन्हा आर्किंगला आमंत्रण देतो.

सहावी पायरी: बंद करणं आणि वीज देणं

ज्या खोलीत पॅनेल बंद करणार तिथली फरशी ओल्या फडक्याने पुसा, पंखा आणि खिडक्या बंद करा, धूळ खाली बसायला तासभर द्या. दोन्ही स्टेटर टॉर्चच्या तिरप्या उजेडात शेवटचे पाहून घ्या आणि मगच जोडा.

पहिली वीज सरळ सॉकेटमधून देऊ नका. डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज शून्यापासून कमी-जास्त करता येणारा ट्रान्स्फॉर्मर, मिळवा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारा किंवा मोटर वाइंडिंगवाला ओळखीचा असेल तर तो देईल. अ‍ॅम्प्लिफायर न जोडता, अंधारात, शून्यापासून हळूहळू २३० पर्यंत चढवा. प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटं ऐका. पडदा स्टेटरला चिकटला, तर लगेच कळतं: थप्प असा मऊ आवाज येतो. तेव्हा ताण कमी पडलाय असं समजून परत बोर्डावर. शांत राहिला तर रात्रभर फक्त बायसवर ठेवा. दुसऱ्या दिवशी बारीक आवाजात एखादं गाणं लावा.

ऑडिओ ट्रान्स्फॉर्मर जळाला असेल तर त्याबद्दल माझं मत वेगळं आहे. मेन्सचे ट्रान्स्फॉर्मर वाइंड करणारे पुण्यात कुशल लोक आहेत, पण याच्या आतल्या केसाएवढ्या तारेच्या हजारो वेढ्यांची मांडणी आणि थरांमधलं इन्सुलेशन दोन्ही आवाजावर परिणाम करतात. तो जमल्यास मूळचाच शोधा, एवढा एक खर्च परवडतो.

दुरुस्तीनंतर अ‍ॅम्प्लिफायरकडेही बघा. पहिला क्वाड १५ वॉटच्या क्वाड २ अ‍ॅम्प्लिफायरबरोबर वापरायला घडवला होता आणि त्याला ३३ व्होल्टपेक्षा जास्त शिखर सोसत नाही. शंभर वॉटच्या आधुनिक अ‍ॅम्प्लिफायरने आवाज वाढवला की ट्रेबलचं पॅनेल जळतं आणि तुमची सगळी मेहनत जाते. शिवाय वरच्या स्वरांत या स्पीकरचा रोध दोन ओहमच्या आसपास उतरतो, तो न सोसणारे अ‍ॅम्प्लिफायर अस्थिर होतात. घेण्याआधी चार ओहमच्या खालच्या लोडवर तो टिकतो का हे विचारा.

सगळं झालं की मागच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा: तारीख, फिल्म किती मायक्रॉनची, ताण किती, लेप कशाचा आणि मेगरवर किती आला, शिडीत कोणते डायोड-कपॅसिटर टाकले, अंधारात कुठं ठिणगी दिसली होती. पुढे हा स्पीकर कुणीही उघडला तरी त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. येणाऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्यावर, एका रात्री दिवे मालवून पुन्हा एकदा पाहा आणि जे दिसेल ते त्याच कागदावर खाली लिहून ठेवा.